नऊ माणसांचे घर

उतारवयात माणूस विसरू लागला की ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून विषय मिटविण्याची आपल्याकडे रीत आहे. जपानी भाषेतही ह्या विकाराला पूर्वी ‘चिहो’ असे म्हणत, आणि त्या शब्दातील पहिल्याच अक्षराचा अर्थ मूर्ख असा होतो. 2004 साली तेथील सरकारने तो शब्द कारभारातून काढला व ‘निन्चिशो’, म्हणजे आकलनाचा विकार, हा शब्द रूढ केला. नाव बदलल्याने दुखणे बरे होत नाही हे उघड आहे. परंतु ज्याला मूर्ख म्हटले त्याला कोंडून ठेवता येते, ज्याला आजारी म्हटले त्याची काही सोय पाहावी लागते.

ही सोय आधी कोण पाहत होते? 1972 साली सावाको अरियोशी ह्या लेखिकेची ‘कोकोत्सु नो हितो’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि जपानात तिचा प्रचंड खप झाला. स्मृती हरपलेला सासरा आणि नोकरी सांभाळून त्याची उस्तवार करणारी सून, एवढीच तिची हकीकत. ते घर कोल्हापुरात किंवा इंदुरातही सहज सापडेल. मुलगा वडिलांविषयी हळहळतो आणि कामावर जातो; रात्री जागते ती सून.

सुनेवरचा भार उतरविण्यासाठी वृद्धाला मोठ्या इस्पितळात ठेवावे, तर तेथे दुसरीच अडचण उभी राहते. आल्झायमरच्या विकारात मेंदूचा जो भाग नव्या गोष्टी टिपून ठेवतो, त्याला बहुधा प्रथम इजा पोहोचते. लांबलचक ओसरी, एकासारखी एक दारे, पाळीपाळीने बदलणारे चेहरे, ह्यांतले काहीच मनात रुजत नाही. माणूस घाबरतो, वाट शोधीत फिरतो, आणि त्या फिरण्यालाच वेड समजून त्याला बांधून ठेवतात. हातांची सवय मात्र पुष्कळ काळ टिकते. मुलीचे नाव न आठवणारी आजी मुळा सुबक चिरते. तांदूळ धुताना पाणी किती वेळा बदलावे हे तिला सांगावे लागत नाही.

ह्या उरलेल्या शक्तीला धरून घर बांधण्याची कल्पना जपानच्या आधी स्वीडनमध्ये अमलात आली. 1985 साली मोताला गावी डॉ. बार्ब्रो बेक-फ्रीस ह्यांनी मोजक्याच रुग्णांसाठी साधे बिऱ्हाड थाटले. जपानने तो कित्ता गिरवला आणि 2000 सालच्या एप्रिलपासून अशा घरांना शुश्रूषा-विम्याच्या कायद्यात जागा दिली. ह्या विम्याचा हप्ता चाळिशीपासून प्रत्येकाला भरावा लागतो. एका बिऱ्हाडात पाच ते नऊ माणसे; प्रत्येकाला निराळी खोली, ती निदान 7.43 चौरस मीटरची, म्हणजे साडेचार चटयांची. आणि मध्ये सर्वांचे मिळून एक स्वयंपाकघर व बैठकीची जागा. दिवसा तीन वृद्धांमागे एक सेवक असा हिशेब असतो. स्वयंपाक, धुणे, झाडलोट सेवक व वृद्ध मिळून करतात. दहा मिनिटांच्या कामाला कधी तास लागतो. आजीच्या हातातील सुरी काढून घेणे सोपे असते. ती हाती देऊन शेजारी बसून राहणे, ही ह्या घरांतील खरी नोकरी होय, आणि तिची अवघड बाजू पगाराच्या कागदावर दिसत नाही.

ह्या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे नव्हे. विम्यातून शुश्रूषेचा बहुतेक खर्च निघतो. खोलीचे भाडे व जेवणखाण ज्याचे त्याला सोसावे लागते. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला म्हणूनच हे दार सहज उघडत नाही.

त्याहून गंभीर प्रश्न रात्रीचा. नऊ माणसांच्या घरात रात्री बहुधा एकच सेवक असतो. 2006 च्या जानेवारीत नागासाकी प्रांतातील ओमुरा येथे अशा एका घराला आग लागली व सात वृद्ध दगावले. ज्याला आगीची खूण कळत नाही आणि दाराची दिशा आठवत नाही, अशा नऊ जणांना एकटा माणूस कसा बाहेर काढणार? त्यानंतर 275 चौरस मीटर व त्याहून मोठ्या घरांत छतातून आपोआप पाणी फवारणारे नळ सक्तीचे झाले. 2010 च्या मार्चमध्ये साप्पोरो येथे आणखी एक घर जळाले. ते ह्या मापाहून लहान होते. तेथेही सातच जण गेले. अखेर 2015 पासून लहान घरांनाही तो नियम लागू करण्यात आला. घर लहान ठेवण्यातच ज्या योजनेचा गुण, तिच्या नियमात लहान घरेच सुटावीत, ही विसंगती दूर व्हायला नऊ वर्षे व आणखी काही जीव लागले.

2006 पासून दर दोन महिन्यांनी प्रत्येक घराला एक सभा भरवावी लागते. तीत वृद्धांचे नातलग, नगरपालिकेचा माणूस आणि वस्तीतील शेजारी बसतात. घरात काय चालले आहे, कोण पडले, कोण बाहेर निघून गेले, हे त्यांच्यापुढे सांगावे लागते. बाहेर पडलेली आजी कोपऱ्यावरच्या दुकानापाशी भांबावून उभी राहिली, तर ती कोणत्या घरची हे त्या दुकानदाराला ठाऊक असते.