खापरपणजोबांचा माग

सोलापुरातल्या अनेक पद्मशाली घरांचे मूळ तेलंगणात आहे. 1860 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली आणि विणकर कुटुंबे इथे स्थिरावत गेली. अशा घरातला पूर्वज शोधताना आधी नावाची रचना ध्यानात घ्या. तेलुगू रीतीत घराचे नाव, म्हणजे ‘इंटिपेरू’, व्यक्तीच्या नावाआधी येते. मधे वडिलांचे नाव लावण्याची पद्धत आपली, मराठी. त्यामुळे एकच माणूस दोन कागदांत दोन तऱ्हेने सापडू शकतो.

ज्यांचे पूर्वज जिल्ह्यातल्या खेड्यांतले, त्यांनी तहसील कचेरीत कोतवाल बुकाची चौकशी करावी. जन्म-मृत्यूच्या या जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार सोबत हवा. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थपुरोहितांच्या, वह्यांत तर यात्रेकरूचे गाव आणि त्याच्या पिढ्याही मिळतात. हा ठेवा मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात साधा शेतकरीही नावानिशी नोंदला गेला आहे.

आडनाव दिसले नाही, तरी खचू नका. त्या काळी कित्येकांची ओळख वडिलांच्या नावाने, धंद्याने किंवा गावानेच होत असे. म्हणून मूळ गाव आणि कुलदैवत घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा.