स्वर जपणारे हात

(मिरज येथील एका ज्येष्ठ तंतुवाद्य कारागिराच्या सत्कार समारंभात केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



मैफल संपली की टाळ्या गायकाला मिळतात. तबल्याच्या आणि पेटीच्या साथीदारांचा निवेदक आदराने उल्लेख करतो. मागे तानपुरा धरून बसलेल्या शिष्यांचीही नावे कधी कधी घेतली जातात. मात्र तो तानपुरा ज्याने घडवला, त्याचे नाव निवेदकाच्या कागदावर कधीच नसते. आजचा सत्कार त्या राहून गेलेल्या नावाचा आहे. तो या गावात, या गल्लीच्या साक्षीने व्हावा, याचे मला विशेष समाधान वाटते.

मिरजेला संगीताचे गाव म्हणतात ते उगाच नव्हे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे राहिले. त्यांच्यापाशी येथेच शिकून विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीताची दारे सामान्य घरांतील मुलामुलींसाठी उघडली. 1931 साली त्यांनी देह ठेवला तोही मिरजेतच. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी हे गाव आपले मानले. 1937 साली दूर दक्षिणेत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना चिरविश्रांतीसाठी येथील मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आणण्यात आले. आजही उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गायन-वादनाचा उत्सव होतो. दोन्ही ठिकाणी कलावंताच्या मागे उभे राहणारे तानपुरे बहुधा याच गल्लीतले असतात.

या गल्लीची कथाही ऐकण्यासारखी आहे. येथील कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. लढाया थांबल्या, हत्यारांचे काम संपले. तेव्हा, सुमारे 1850 च्या सुमारास, फरीदसाहेबांसारख्या हुन्नरी माणसांनी वाद्ये दुरुस्त करता करता ती घडवायला आरंभ केला. मिरज संस्थानाचे अधिपती पटवर्धन यांनी त्यांना आश्रय दिला. ज्या हातांनी पात्याची धार पारखली, त्यांनीच पुढे तारेचा नाद पारखला. पोट भरण्याचे साधन गेले म्हणून हातावर हात ठेवून न बसता एका समाजाने नवी विद्या कमावली, हा इतिहास आपल्या मुलांना सांगितलाच पाहिजे.

आमच्या आत्याचा तानपुरा वीस वर्षे माळ्यावर पडून होता. भोपळ्याला चीर गेली होती, दोन खुंट्या सैल झाल्या होत्या. एका जाणकाराने सल्ला दिला, "आता दिवाणखान्यात शोभेला ठेवा." मन मानेना, म्हणून मी तो घेऊन यांच्या दुकानी आलो. त्यांनी बोटाने भोपळ्यावर हलकेच टिचकी मारली आणि म्हणाले, "साहेब, जीव आहे अजून. ठेवून जा." पंधरा दिवसांनी गेलो तर चीर बुजलेली, तारा नव्या. मी उचलायला पुढे झालो, तो त्यांनी हात धरला. "आज नाही. जवारी राहिली आहे आणि आज माझा कान थकला आहे. उद्या सकाळी या."

थकलेल्या कानाने काम करायचे नाही, हा या माणसाचा धर्म आहे. घोडीचा माथा कानशीने किंचित उतरता करायचा, तार त्यावर पुरती टेकू द्यायची नाही आणि पुरती सुटूही द्यायची नाही. मग तिच्याखालचा सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवायचा. तो नेमक्या जागी आला की चार तारा भरून बोलू लागतात आणि खर्जातून कोणीही न छेडलेला गांधार ऐकू येतो. ही जागा मोजपट्टीने सापडत नाही. दुसऱ्या दिवशी तो गांधार मी ऐकला आणि आत्या गेल्यानंतर प्रथमच आमच्या घराचा आवाज मला ओळखीचा वाटला.

यांच्या दुकानात एक जाडजूड वही आहे. कोणते वाद्य कोणत्या घरी गेले, कोणाची पट्टी काळी चार, कोणाची पांढरी दोन, कोणत्या वर्षी भोपळा बदलला, सारे त्यात टिपलेले. या गल्लीच्या संगीताची ती बखरच आहे, आणि तिची दुसरी प्रत कोठेही नाही.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि मानांकनाने नावाचे रक्षण होते. कान मात्र गुरूकडून शिष्याकडेच जावा लागतो. आज विजेवरचा तानपुरा स्वस्तात मिळतो, भ्रमणध्वनीवर तर फुकट वाजतो. रियाजाला त्याची सोय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण महिनोन्‌महिने खपून घडवलेल्या वाद्याला योग्य मोल मिळत नसेल, तर कारागिराच्या मुलाने दुसरी वाट धरली म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

म्हणून शाल आणि श्रीफळ देऊन आपण मोकळे होऊ नये, अशी माझी नम्र विनंती आहे. ज्यांच्या घरी जुने वाद्य पडून आहे, त्यांनी ते या महिन्यातच दुरुस्तीला द्यावे आणि मजुरीत घासाघीस करू नये. संगीत शिकवणाऱ्या संस्थांनी निदान एक तानपुरा मिरजेहून विकत घ्यावा आणि विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा या गल्लीत आणावे. येथील तरुणांनी पुढाकार घेऊन त्या वहीची प्रत करावी. आणि जो मुलगा यांच्या हाताखाली शिकायला बसेल, त्याच्या पहिल्या दोन वर्षांच्या चरितार्थाचा भार समाजाने उचलावा. हे दान नव्हे, ऋणफेड आहे.

सत्कारमूर्ती, आपल्याला निरामय दीर्घायुष्य लाभो. आपल्या वहीतले पुढचे पान आपल्या शिष्याच्या हस्ताक्षरात लिहिलेले पाहण्याचे भाग्य आम्हां सर्वांना लाभो, एवढीच प्रार्थना करून मी थांबतो.