दुचाकीस्वाराचा संरक्षक पोशाख : किती आणि कोणासाठी?

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी अस्थिशल्यचिकित्सा विभागाच्या माजी प्रमुखांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वर्धापनदिनाच्या समारंभात निवृत्त डॉक्टरांनी संस्थेचा पूर्वेतिहास सांगावा आणि श्रोत्यांनी तो सहनशीलतेने ऐकावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. आज तो मोडण्याची परवानगी अध्यक्षांनी दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. विश्वस्त मंडळासमोर एक प्रश्न आला असून त्यावर माझे मत मागवण्यात आले आहे. ते बंद खोलीत देण्यापेक्षा आपणा सर्वांसमक्ष द्यावे, असे मला वाटले.

प्रश्न असा आहे. आपल्या एका देणगीदारांनी मोठी रक्कम देऊ केली आहे. तिच्यातून दुचाकीवरून येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला संपूर्ण संरक्षक पोशाख घेऊन द्यावा, म्हणजे हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, गुडघ्याचे व कोपराचे कवच आणि घोट्याच्या वर येणारे बूट. आणि तो घातल्याखेरीज कोणालाही आवारात गाडी आणू देऊ नये, अशी त्यांची अट आहे. ते गृहस्थ आज येथे उपस्थित आहेत. त्यांच्या संमतीने, नाव न घेता, पुढची हकीगत सांगतो.

काही वर्षांपूर्वी, उसाच्या गळिताच्या हंगामात, त्यांचा मुलगा रात्री महामार्गावरून घरी परतत होता. रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता, रेडियमची पट्टीही नव्हती. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट होते आणि त्याचा पट्टा लावलेला होता. हेल्मेटला तडा गेला, डोक्याला काही झाले नाही; आमच्याकडे आणले तेव्हा तो स्वतःचे नाव-गाव सांगत होता. उजवा पाय मात्र ट्रॉली आणि गाडी यांच्यामध्ये चिरडला गेला होता, तो गुडघ्याखाली काढावा लागला. दोन्ही तळहातांची कातडी सोलून निघाली होती आणि आत खडी रुतली होती. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी वडिलांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, डोकं झाकलं होतं म्हणून डोकं वाचलं. मग पाय झाकला असता तर पायही वाचला असता का?"

त्या रात्री मी त्यांना उत्तर दिले नाही. आज देतो. पाय वाचला नसता. तळहात नक्की वाचले असते.

हे असे का, ते थोडे समजावून सांगितले पाहिजे. दुचाकीवरून पडणाऱ्या माणसाला दोन अगदी भिन्न प्रकारच्या इजा होतात. एक घासण्याची, दुसरी आदळण्याची. गाडी घसरली आणि स्वार रस्त्यावरून फरफटत गेला, तर त्याचा वेग घर्षणात खर्ची पडतो. आधी कापड झिजते, मग कातडी, मग कातडीखालचे सारे. येथे जाड चामडे किंवा मजबूत विणीचे कापड अक्षरशः स्वतः झिजून माणसाला झिजू देत नाही. आदळण्याचे गणित वेगळे आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे शरीर एखाद्या अचल वस्तूवर आदळले, तर तो आघात सुमारे सहा मीटर उंचीवरून पडल्याइतका असतो. वेग ६० झाला की तीच उंची १४ मीटर होते. वेग दीडपट, उंची सव्वादोनपट. चौथ्या मजल्यावरून पडणाऱ्याच्या नडगीवर बोटभर जाडीचे कवच बांधून हाड वाचवता येत नाही. डोक्याचे नशीब एवढेच की, कवटीभोवती दोन-अडीच सेंटिमीटर थर्मोकोलसारखा थर बसवायला जागा आहे. तो थर चेंगरतो, चेंगरताना आघाताचा काळ क्षणांशाने लांबवतो, आणि तेवढा क्षणांश मेंदूला पुरतो. एकदा चेंगरलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघात झालेले हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसले तरी टाकून द्यावे. धाकट्या भावाला देऊ नये.

हे केवळ माझे तर्कशास्त्र नव्हे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या २१२ दुचाकीस्वारांचा अभ्यास लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. खास बनावटीचे हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता न घातलेल्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होती. विजारीचा लाभही जवळपास तितकाच, जॅकेटचा त्याहून कमी. कवच असलेल्या कपड्यांनी हातापायांच्या इजा लक्षणीय प्रमाणात कमी केल्या. मात्र अस्थिभंग टळल्याचे दिसून आले नाही. आणखी दोन निष्कर्ष मला फार मोलाचे वाटतात. पहिला असा की, दुचाकीसाठी खास बनवलेल्या पोशाखांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक हातमोजे, जॅकेटे आणि विजारी प्रत्यक्ष अपघातात फाटल्या. दुसरा असा की, दुचाकीसाठी बनवलेले नसलेले साधे, भक्कम बूटसुद्धा पायाच्या इजेची शक्यता हलक्या जोड्यांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आणतात.

तो दुसरा निष्कर्ष वाचताना मला माझीच फजिती आठवली. नव्वदच्या दशकात माझे घर रुग्णालयापासून दीड किलोमीटरवर होते. एका रात्री तातडीचे बोलावणे आले, म्हणून मी स्कूटर काढली. हेल्मेट घातले, कारण रुग्णांना उपदेश करणाऱ्याला तेवढी लाज असतेच; पण पायांत सपाता होत्या. कोपऱ्यावर कुत्रे आडवे आले. मी पडलो, उठलो, शस्त्रक्रियाही केली, आणि पुढचे तीन आठवडे अंगठ्याला पट्टी बांधून एका पायावर भार देत उभा राहत होतो. तेव्हापासून विभागात मला कोणी सपाता घातलेले पाहिलेले नाही.

डोक्याच्या बाबतीत मात्र वाद कधीच संपलेला आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ख्यातनाम असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले. समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना वाचवताना त्यांचा तोल गेला होता. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूशल्यचिकित्सक होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. युद्धकाळात सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजा त्यांनी अभ्यासल्या आणि १९४१ मध्ये शिरस्त्राणाचे महत्त्व सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. ब्रिटिश सैन्याने निरोप पोहोचवणाऱ्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सर्वसामान्य नागरिकांसाठी ती सक्ती १९७३ मध्ये झाली. केर्न्स १९५२ मध्येच निवर्तले होते. पुढे २००८ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी घटतो, असे आढळले. मानेला त्याने अपाय होतो याचा पुरावा मिळाला नाही. केस गळतात, या आक्षेपावर मी बोलू शकत नाही; माझे हेल्मेटच्या आधीच गेले होते.

आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने चालकाबरोबरच मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने दंड एक हजार रुपये झाला आणि तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद आली. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात सक्तीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा विद्येच्या माहेरघरातील नागरिकांनी तिच्याविरुद्ध मोर्चा काढला, हेही नमूद केले पाहिजे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेले ५०,०२९ होते, आणि त्यांत मागे बसलेले १४,३३७. हेल्मेट असते तर हे सारे वाचले असते, असे मी म्हणणार नाही. आकड्यांवर त्यांच्या ताकदीपेक्षा अधिक ओझे लादू नये. परंतु हे लोक कोण होते, याचा विचार आपण केला पाहिजे.

माझ्या अनुभवात ते सहसा दूरच्या प्रवासाला निघालेले नसतात. अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसलेल्या एका माउलीने मला सांगितलेले वाक्य मी विसरलेलो नाही. "पोरगं डेअरीला दूध घालायला गेलं हुतं, डॉक्टर. हितं तर हाय डेअरी. तेवढ्याला कोण टोपी घालतंय?" चुलीवरचे दूध उतू जाण्याआधी तो परत यायचा होता. त्याला कोणी जॅकेट आणि गुडघ्याचे कवच घालायला सांगितले असते, तर त्याने हसून गाडीला किक मारली असती, आणि त्या हसण्यात हेल्मेटही मागेच राहिले असते. सगळे मागितले की काहीच पदरी पडत नाही, हा माझा संपूर्ण पोशाखाच्या सक्तीवरचा मुख्य आक्षेप आहे. बऱ्यापैकी संपूर्ण संच जुन्या दुचाकीच्या किमतीला पडतो, मे महिन्यातील दुपारी तो अंगावर ठेववत नाही, हे आक्षेप खरे असले तरी दुय्यम आहेत.

मागे बसणाऱ्यांबद्दल थोडे अधिक बोलतो, कारण या सभागृहात भगिनींची संख्या मोठी आहे. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, डबलसीट बसलेल्या पत्नीच्या डोक्यावर पदर, आणि टाकीवर बसलेल्या मुलाच्या डोक्यावर फार तर लोकरीचे टोपडे, हे दृश्य आपल्या फाटकातून रोज आत येते. पडताना तिघांचेही डोके सारख्याच उंचीवरून पडते. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात गुंतून झालेले अपघात आम्ही वारंवार पाहिले आहेत. त्यात गळ्याला फास बसतो किंवा बाई मागे फेकली जाते, आणि मागे पडणाऱ्याचे डोकेच आधी जमिनीला लागते. म्हणून मागचे चाक किमान निम्मे झाकणारी जाळी नियमानेच आवश्यक आहे; शोभा जाते म्हणून ती काढून टाकू नये. लहान मुलांचे टाचेचे मांस चाकाच्या तारांत सापडते, ती जखम भरायला महिनोन्महिने लागतात. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी चालकाशी जोडणारा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तो पाळणारा एकही पालक माझ्या पाहण्यात नाही.

आता विश्वस्तांनी विचारलेल्या प्रश्नाकडे वळतो. आवारात येण्यासाठी अट असावी, पण ती हेल्मेटपुरती. आणि ती चालवणाऱ्याला, डबलसीट बसणाऱ्याला, डॉक्टरांना व विश्वस्तांनाही सारखीच लागू असावी. संपूर्ण पोशाखाची अट घालू नये. रात्री दोन वाजता प्रसूतीसाठी बोलावलेली परिचारिका गुडघ्याला कवच बांधत बसणार नाही. ती फाटकाबाहेर अंधारात गाडी लावून चालत येईल, आणि तो धोका आपण निर्माण केलेला असेल. देणगीतून प्रत्येक कर्मचाऱ्याला आयएसआय चिन्हाची दोन हेल्मेटे द्यावीत, दुसरे घरच्या माणसासाठी. चांगले हातमोजे व भक्कम बूट सर्वांना द्यावेत. रोज महामार्गावरून जाणारे जे आहेत, म्हणजे गावोगावचे रक्ताचे नमुने गोळा करणारे आणि फिरत्या पथकातील आरोग्यसेवक, त्यांना मात्र संपूर्ण संच द्यावा. येथे देणगीदारांचे म्हणणे मला पूर्णतः मान्य आहे. उरलेल्या रकमेतून गळीत हंगामाच्या आरंभी साखर कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून प्रत्येक ट्रॉलीच्या मागे रेडियमच्या पट्ट्या लावाव्यात. त्या मुलाचा पाय कोणत्याही कवचाने वाचला नसता. पट्टीने वाचला असता.

हे टिपण मी चार दिवसांपूर्वी त्या वडिलांना वाचून दाखवले. ते शांतपणे ऐकत होते. ट्रॉल्यांची कल्पना त्यांना पटली. बाकीचे पटले नाही. ते म्हणाले, "संच कोणाला द्यायचा ते तुम्ही रस्ता बघून ठरवणार. ज्याला तुम्ही दिला नाही, तो कोणाचा तरी मुलगा असेल." याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. म्हणून विश्वस्तांना मी एक पोटकलम सुचवले आहे : कोणत्याही कर्मचाऱ्याने संपूर्ण संच मागितला, तर तो किती अंतरावरून येतो हे न विचारता द्यावा. मागणाऱ्याला नाकारायचे नाही, न मागणाऱ्याला अडवायचे नाही. ते यावर मान हलवून उठले. ती होकाराची मान होती की निरोपाची, ते मी विचारले नाही.

निर्णय पुढील महिन्याच्या बैठकीत होईल. दरम्यान हेल्मेटांची पहिली मागणी नोंदवण्यासाठी मापे हवी आहेत. सैल हेल्मेट पडताना माणसाच्या आधी रस्त्यावर पोहोचते. सभागृहाच्या दाराशी आमच्या दोन परिचारिका शिंप्याची टेप घेऊन बसल्या आहेत. भुवयांच्या किंचित वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून घेर मोजतात. अर्धे मिनिट लागते. कर्मचाऱ्यांनी घरच्या माणसाचेही माप द्यावे. देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांनीही माप करून घ्यावे, चिठ्ठीवर सेंटिमीटर लिहून मिळतील. दुकानात तोच आकडा सांगावा. अंबाडा किंवा वेणी असलेल्या भगिनींनी ती सोडून, नेहमी गाडीवर बसतात त्याप्रमाणे केस बांधून मग माप द्यावे, अशी परिचारिकांची खास विनंती आहे.