हरवलेली किल्ली आणि जुनी फोर्ड

अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें १९०८ ते १९२७ या काळांत मॉडेल टी जातीच्या दीड कोटींहून अधिक मोटारी बाहेर काढल्या. त्यांतली एखादी आज शेतावरच्या कोठारांत सांपडते, तीही पुष्कळदां किल्लीवांचून. घेणारा गांगरतो, तारा तोडून जोडाव्या असें त्याला वाटतें. त्याचें मुळींच कारण नाहीं. १९१९ पासून या गाड्यांच्या किल्ल्या ५१ ते ७४, म्हणजे अवघ्या चोवीस प्रकारच्या होत्या (चोरांची केवढी ही सोय!), आणि तो आंकडा बहुधा कुलपाच्या तोंडावरच कोरलेला असे. तो वाचला कीं त्याच क्रमांकाची किल्ली मिळवावी.

खरी कसोटी पुढेंच आहे, श्रोतेहो. किल्ली विजेचा मार्ग जोडते. इंजिन फिरवीत नाहीं. वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या इंजिनाचे दट्टे गंजून अडकलेले असूं शकतात. म्हणून आधीं सिलिंडरांत तेल सोडावें आणि वीज बंद ठेवून इंजिन हातानें हळूहळू फिरवून पाहावें.

तें मोकळें झालें तरी घाई नको. सुकाणूच्या डाव्या अंगाचा ठिणगीचा दांडा पूर्ण वर सारल्यावांचून पुढच्या हँडलला हात लावूं नये. ठिणगी वेळेआधीं पडली तर हँडल उलट फिरतें आणि मनगट मोडतें. हँडल डाव्या हातानें, आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवून, खालून वर ओढावें. वरून खालीं कधींही दाबूं नये.