नाताळची भुते आणि आगटीच्या गोष्टी



ऐन वसंतात भुतांचा विषय काढला म्हणून कोणी दचकू नये. रात्रीची गोष्ट दिवसाच नीट पारखता येते.

नाताळ हा आनंदाचा सण. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे मांडले, तेव्हापासून आपल्या जिल्ह्याला तो परका नाही. पण मौज अशी की, याच सणात इंग्रज लोक भुतांच्या गोष्टी सांगत. १८४३ साली डिकन्सने ‘ख्रिसमस कॅरल’ लिहिले. त्यात भुते येतात ती एका कंजूष म्हाताऱ्याचे डोळे उघडायला. एम. आर. जेम्स हे केंब्रिजचे मोठे पंडित. तेही नाताळात स्नेह्यांना जमवून स्वतः लिहिलेल्या भूतकथा वाचून दाखवीत.

असे का व्हावे? दिवस लहान, रात्र मोठी आणि माणसे शेकोटीभोवती. हीच गोष्ट आपल्याकडेही. त्याच सुमारास मिरजगावच्या शिवारात शाळू हुरड्यावर येतो. आगटी पेटते, कणसे भाजली जातात आणि कोणीतरी चकव्याची गोष्ट काढतो. पाठीमागे अंधार असतो आणि खांद्याला खांदा लागलेला असतो. भय एकट्याला खाते. चौघांत वाटले की त्याचीच गोडी लागते. म्हणूनच वीज आली तरी भूत गेले नाही. ते नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांतून घराघरांत शिरले.

परंतु गोडी एवढ्यावरच संपत नाही. आपली भुते कोण, ते पाहा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. मुंज झालेला मुलगा लग्नाआधीच गेला की मुंजा होऊन पिंपळावर बसतो. ठेव्यात जीव अडकलेला समंध होतो. म्हणजे ज्यांचे आयुष्य अर्धे राहिले, त्यांची ही गावाने ठेवलेली नोंद आहे. कोणत्या दप्तरात त्या बाईचे दुःख लिहिले गेले? ते गोष्टीत उरले. तिचे भय वाटते, कारण तिचे काही देणे आपल्याकडे राहिले आहे, हे मनाला ठाऊक असते. डिकन्सचे भूत तरी दुसरे काय सांगते?

म्हणून गोष्ट जपावी, असे आम्हांस वाटते. मात्र गोष्ट सांगणारा वेगळा आणि भय विकणारा वेगळा. पहिला हुरडा खाऊन घरी जातो. दुसरा कोंबडे, नारळ आणि पैसे मागतो, प्रसंगी एखाद्या निराधार बाईला चेटकीण ठरवतो. हे थांबावे म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला.

मुलांना हडळीची गोष्ट जरूर सांगा. पण ती बाई कशाने गेली, हेही सांगा. आणि घरातल्या बाळंतिणीला वेळेवर दवाखान्यात न्या. नव्या हडळी होऊ न देणे, हेच त्या जुन्या गोष्टीचे देणे फेडणे होय.