पुराची जुनी खूण धरून बसू नका

कराडला कोयना कृष्णेला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. तिन्ही नद्या एकदम भरल्या की पाणी ओढ्यांतून उलटं शिरतं. २००५ साली सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी ५३ फुटांवर गेली. ‘आपला गोठा त्या खुणेच्या वर आहे,’ म्हणून २०१९ साली पुष्कळजण निर्धास्त राहिले. पाणी ५७ फूट ओलांडून गेलं! कित्येक जनावरं दावणीलाच गेली.

आयर्विनला ४० फूट इशारा पातळी, ४५ धोक्याची. पण कोयनेतून विसर्ग वाढल्याचं रेडिओवर ऐकलं, की ४० ची वाट पाहू नका. वीज बंद करून नदीवरची मोटार, स्टार्टर वर काढा. जनावरं वैरणीसकट उजेडीच हलवा. रात्री छातीभर पाण्यात दावी सोडायला जाणं जिवावर बेततं.