कामाचं माप कोण धरतं?

आज आपण कामाच्या मापाबद्दल बोलणार आहोत.

‘तो गट पुढे, तुमचा गट मागे’ हे आपण नेहमी ऐकतो. पंचसूत्रीवरून प्रतवारी होते, बँकेचे साहेब वही बघतात, प्रदर्शनात कुणाचा माल किती खपला ते बघतात. पण एखादा गट, एखादं शेत, एखादी शाळा चांगलं काम करते की नाही, हे नेमकं ठरवायचं कसं? जगभरात बरेच अभ्यासक याच एका प्रश्नावर काम करतात. बँकांच्या शाखा, दवाखाने, वीज कंपन्या, शेती, सगळं ते मोजतात. 1989 पासून या विषयाचं इंग्रजीत वेगळं नियतकालिकही निघतं.

त्यांचे दोन शब्द आधी समजून घेऊ. पहिला शब्द उत्पादकता. म्हणजे जेवढं घातलं त्याच्या मानाने किती निघालं. दुसरा शब्द कार्यक्षमता. म्हणजे आपल्यासारखंच काम करणाऱ्यांत जो सगळ्यात पुढे आहे, त्याच्या मानाने आपण कुठे आहोत.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. तीन गट शेंगदाण्याची चटणी करतात. तिघींच्या वहीत कामाचे तास दहाच लिहिलेत. पहिल्या गटाने सहा किलो लाकूड जाळून बारा किलो चटणी केली. दुसऱ्याने तीनच किलो लाकूड जाळलं आणि नऊ किलो केली. तिसऱ्याने सहा किलो लाकूड जाळून आठ किलो केली. आता हुशार कोण? तासाचा हिशेब धरला तर पहिला गट पुढे. लाकडाचा धरला तर दुसरा पुढे. म्हणजे दोघेही आपापल्या परीने पुढेच. तिसरा मात्र मागे, कारण तेवढेच तास आणि तेवढंच लाकूड घालून पहिल्या गटाने बारा किलो काढली. बारातले आठ म्हणजे साधारण 67 टक्के.

ही रीत मूळची इंग्लंडमधल्या मायकेल फॅरेल या अर्थतज्ज्ञाची. 1957 साली त्यांनी अमेरिकेतल्या शेतीचे आकडे घेऊन ती मांडली. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तकातल्या आदर्शाशी तुलना करू नका. खरोखर काम करणाऱ्यांत जे सगळ्यात पुढे आहेत, त्यांना जोडणारी एक सीमा आखा आणि बाकीचे त्या सीमेपासून किती लांब आहेत ते बघा. शेताच्या कडेच्या खुंट्यांना दोरी बांधावी, तसंच हे.

पुढे 1978 साली अमेरिकेत चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी ही रीत वाढवली. एका कामात अनेक गोष्टी घातल्या आणि अनेक गोष्टी निघाल्या, तरी माप घेता येईल असं गणित त्यांनी बसवलं. त्यांनी ते वापरलं गरीब मुलांच्या शाळांसाठी. निघालं काय, तर मुलांचं वाचन, मुलांचं गणित आणि मुलांना स्वतःबद्दल वाटणारा मान. आणि घातलं काय, त्या यादीत शिक्षकांची संख्या होती, आईबापांनी शाळेत मारलेल्या फेऱ्या होत्या आणि आईचं शिक्षणही होतं.

बायांनो, इथे जरा थांबा. आईच्या शिक्षणाला बाजारात भाव नाही. पोराच्या मनातल्या मानाला कुठल्या दुकानात किंमत नाही. तरी त्या अभ्यासकांनी त्या गोष्टी रकान्यात धरल्या. म्हणजे ज्याला पैसे मिळत नाहीत ते मोजताच येत नाही, हे काही खरं नाही. मोजायचं ठरवलं तर मोजता येतं.

आता आपल्याकडे येऊ. हैदराबादजवळ इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. 1975 पासून तिच्या लोकांनी काही गावांत राहून घरोघरची शेतीची माहिती टिपली. त्यात आपल्या सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण ही गावं होती, अकोला जिल्ह्यातली गावं होती आणि आजच्या तेलंगणातलं औरेपल्ली होतं. कोणी किती तास राबलं, काय पेरलं, किती पिकलं, सगळं लिहिलं गेलं. ही मेहनत मोठी होती आणि ती माहिती आजही अभ्यासकांच्या कामी येते.

ऑस्ट्रेलियातले बटीज आणि कोएली हे दोन अभ्यासक या विषयात फार नावाजलेले. त्यांनी औरेपल्लीच्या भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची माहिती घेऊन कार्यक्षमता मोजली. पण सगळ्यांच्या मजुरीचे तास एकत्र करायचे तर काही एक माप धरावं लागतं. त्यांनी पुरुषाचा एक तास हे माप धरलं. बाईचा एक तास म्हणजे पुरुषाचा पाऊण तास आणि मुलाचा एक तास म्हणजे अर्धा तास. हे प्रमाण इक्रिसॅटकडूनच आलेलं होतं.

म्हणजे चिखलात वाकून बाईने चाळीस तास भाताची लावणी केली, तर हिशेबात तीसच आले. दहा तास गेले कुठे? घाम तर पूर्ण चाळीस तासांचा गाळला होता! आणि होतं काय, ज्या शेतात बाया जास्त राबल्या तिथे घातलेलं काम कागदावर कमी दिसतं, शेत कार्यक्षम दिसतं आणि त्याचा मान शेताच्या मालकाला जातो. मला त्या अभ्यासकांना नावं ठेवायची नाहीत. गणित त्यांचं चोख आहे. पण गणित सुरू व्हायच्या आधीच एक निर्णय झालेला असतो, की कशाला किती धरायचं. तो निर्णय आपल्याला दिसत नाही, दिसतो तो शेवटचा टक्का.

आपल्या चटणीकडे परत जाऊ. समजा, पहिल्या गटातल्या बाया शेंगा रात्री घरी फोडतात आणि दाणे निवडून आणतात. त्याचे पाच तास वहीत लिहिलेलेच नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाने ते काम दहा तासांतच धरलंय. ते पाच तास मिळवले, की पहिल्या गटाचे बारा किलोला पंधरा तास होतात, म्हणजे तासाला 800 ग्रॅम. दुसऱ्या गटाचं तासाला 900 ग्रॅम. आता तासात आणि लाकडात, दोन्हीत दुसरा गट पुढे. आणि तिसऱ्याची तुलना आता दुसऱ्याशी होणार. नवातले आठ, म्हणजे 89 टक्के! तिसऱ्या गटाने काहीच बदललं नाही, तरी तो 67 वरून 89 वर आला. फक्त रात्रीचं काम वहीत आलं.

हे रात्रीचं काम काही थोडं नसतं. 2019 साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता. म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष असं काम करतात त्यांचा 97 मिनिटं. आपल्या उद्योगाचं बरंचसं काम या पाच तासांच्या पोटात लपून बसतं. पीठ चाळणं, डबे घासणं, माल उन्हात घालून कावळे हाकणं, हे सगळं ‘घरचंच’ म्हणून सोडून देतो आपण. मग मालाचा भाव ठरवताना मजुरी कमी पडते आणि विक्री होऊनही हातात काही उरत नाही.

म्हणून दोन गोष्टी सांगते. पहिली, पुढचा माल करताना वहीत तासांचा एक रकाना आखा. कोण, कधी, किती वेळ, घरी केलेलं कामसुद्धा. बाईचा तास तो पूर्ण तास. महिनाभर लिहा आणि मग भाव ठरवा.

दुसरी, कुणी तुमच्या गटाला मागे म्हटलं, तर रागावू नका आणि मान खालीही घालू नका. शांतपणे तीन प्रश्न विचारा. आमची तुलना कुणाशी केली? काय काय मोजलं? काय सोडून दिलं? ज्या गटाला पाणी भरायला दोन किलोमीटर जावं लागतं, त्याची तुलना दारात नळ असलेल्या गटाशी कशी होईल? आणि तुलना खरोखर बरोबरीची असेल, तर त्या पुढच्या गटाकडे जाऊन बघा. त्यांची चूल कशी आहे, दाणे कसे भाजतात. मापाचा खरा उपयोग हाच आहे, शेजारणीकडून शिकायचा.

माप वाईट नसतं. पण मापायला बसलेल्यांत आपणही असायला हवं. या महिन्याच्या बैठकीत तासांचा रकाना आखाच.